भरलेल्या गाडीचा दोर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माणूस एकच, आणि ती म्हणजे आमची डबी. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त कॉलेजात चालतं. ती तान्ही असताना वहिनी तिला आमच्या धंद्याच्या ऑफिसातल्या एका रिकाम्या खोक्यात जुनी चादर घालून निजवायची. खोक्यात झोपते म्हणून डबी. नाव मी ठेवलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. मी तिची आत्या. मी लग्न केलं नाही, म्हणून मला दुसऱ्यांना सल्ले द्यायला रग्गड वेळ मिळतो, असं वहिनीचं म्हणणं आहे.

आमचा धंदा घरं हलवण्याचा. एका घरातलं सामान बांधायचं, गाडीत भरायचं आणि दुसऱ्या घरात नेऊन लावून द्यायचं. माझा थोरला भाऊ, म्हणजे डबीचे बाबा, गाडी चालवतो आणि भरतोही. मी त्याला दादा म्हणते. वहिनी काचसामान गुंडाळते. तिच्या हातून गिऱ्हाइकाचा एक कप फुटलेला मी पाहिला नाही, स्वतःच्या घरातले मात्र आता जोडीनं उरलेले नाहीत. मी फोन घेते आणि भांडणं करते. ओझी उचलायला पैलवान आहे. हा पैलवान म्हणजे नुसती काडी, फुंकर मारली तर उडेल असा. पण पाठीवर कपाट घेऊन जिना चढतो आणि वर पोचल्यावर आधी चहा कुठाय ते विचारतो.

गाडी भरायचे दादाचे नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जड सामान आधी चढवायचं, पार आत, केबिनला लागून. हलकं सगळ्यात शेवटी. उशा, गाद्या, प्लास्टिकच्या बादल्या मागे फाळक्यापाशी, म्हणजे गाडीच्या मागच्या दारापाशी. आणि एकदा दोर आवळून गाठ मारली, की नव्या घराच्या दारात पोचेपर्यंत ती सोडायची नाही. भरलेली गाडी गिऱ्हाइकाच्या जुन्या दारातच उतरवायची म्हणजे आपल्याला काम येत नाही अशी दवंडी पिटायची, असं तो म्हणतो. त्याच्या सगळ्या आयुष्यात त्याच्यावर ती पाळी आली नव्हती.

डबी शाळेत होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर यायची. खोक्यांवर ‘स्वयंपाकघर’, ‘पुस्तकं’ असं लिहायचं काम तिला दिलेलं. पण तिचं अर्धं लक्ष माणसांकडे. नव्या घरात गेल्यावर माणूस दिवा लावायला हात पुढे करतो आणि बटण तिथे नसतंच, हे तिनं कधीतरी टिपलं आणि मग तिला तो नादच लागला. दाराआड उभी राहायची आणि माझ्या साडीचा पदर ओढून म्हणायची, “आत्या, बघ बघ, चुकल्या! त्यांचा हात अजून जुन्याच घरात आहे.” मी म्हणायची, “तू खोक्यांवर लिही.” मला काय ठाऊक होतं, की पोरगी त्या हातामागे कॉलेजपर्यंत जाणार आहे!

तर, कॉलेज. आता म्हणे विषय आपले आपण निवडायचे असतात. तीन वर्षांत कोणता विषय कधी घेणार, याचा आराखडा प्रत्येकानं सुरुवातीलाच करून द्यायचा. आमच्या वेळी असं असतं तर मी सगळ्या वर्षांत मधली सुट्टी घेतली असती. डबीला मानसशास्त्र करायचं होतं. माणूस लक्षात कसं ठेवतो, विसरतो कसा, डोक्यातून गेलेलं हाताला कसं आठवतं, असलं सगळं. पण मुख्य विषय एक असला तरी सोबत इतर घ्यावेच लागतात, आणि कशानंतर काय घ्यावं हे तिला ठरवता येईना. रविवारी सकाळी तिनं वाचनालयातून आणलेली पुस्तकं ऑफिसच्या टेबलावर मांडली आणि डोकं धरून बसली.

दादा चहाचा कप घेऊन आला. “एवढी कसली चिंता? सामान आहे, गाडी आहे. भरायची कशी ते मला विचार.”

“बाबा, ते सामान नाही.”

“सगळं सामानच असतं,” दादा म्हणाला. त्यानं रसायनशास्त्राचं पुस्तक उचललं, तळहातावर तोललं आणि मान हलवली. “जड. हे आधी.” मग गणित उचललं. “हेही.” भौतिकशास्त्र, तेही. संख्याशास्त्र त्यानं दोन्ही हातांवर घेऊन पाहिलं. “बाप रे! हे तर शिसवी कपाट आहे. हे केबिनला लागून.” शेवटी मानसशास्त्राचं पहिलं पुस्तक. ते होतं पातळ, वर एका झोपलेल्या बाईचं चित्र. दादानं ते दोन बोटांत धरून उडवल्यासारखं केलं. “ही उशी. ही सगळ्यात शेवटी, वर टाकू.”

यावर कुणी हसलं नाही. घरात एक जण वेडा असला तर बाकीचे त्याला आवरतात, पण आमच्या घरातली सगळी डोकी एकाच गाडीत भरलेली. वहिनी म्हणाली, बरोबर आहे, जड तेवढं आधी उरकलं की मग बरं. मी म्हणाले, तरुण आहे तोवर ओझी उचलून घ्यावीत. आणि डबी? तिलाही ते पटलं! खोक्यात वाढलेली पोर ती. तिनं त्याच दिवशी आराखडा लिहिला. पहिल्या वर्षी चार जड विषय, दुसऱ्या वर्षी मध्यम, आणि जे शिकायला ती कॉलेजात गेली होती ते तिसऱ्या वर्षी, फाळक्यापाशी.

दादाची छाती मात्र फुगली. त्याला त्या चारांतलं रसायन विशेष आवडलं, कारण त्यात पांढरा कोट होता. सोफा उचलता उचलता गिऱ्हाइकाला सांगायचा, “मुलगी रसायन करतेय आमची. प्रयोगशाळा वगैरे असते.” गिऱ्हाइकाला सोफ्याची काळजी.

पहिल्या सत्रात डबीच्या नाकी नऊ आले. गणितात तरली, भौतिकात बुडता बुडता काठाला लागली, संख्याशास्त्राशी रोज भांडण आणि रोज समेट. रसायनानं तिला चारी मुंड्या चीत केलं. तोंड एवढंसं झालं पोरीचं. पूर्वी जेवताना बसमधली माणसं, दुकानातली माणसं, सगळ्यांच्या नकला करायची. आता नुसती जेवायची. वहिनी म्हणायची, “जड उतरलं की हलकं वाटेल.” मलाही तसंच वाटत होतं.

मग दुसरं सत्र सुरू झालं आणि विषयांचं बघणाऱ्या मॅडमनी तिला बोलावलं. त्या दिवशी ती घरी आली ती सरळ माझ्या टेबलासमोर. फोन वाजत होता, तो तिनंच उचलून ठेवून दिला.

“आत्या, माझं चुकलंय. आपलं सगळ्यांचंच चुकलंय.”

झालं होतं असं. मॅडमनी विचारलं, मुख्य विषय कोणता? ही म्हणाली, मानसशास्त्र. मग त्याचा पहिला पेपर कुठाय? ही म्हणाली, तिसऱ्या वर्षी. मॅडमनी आधी चष्मा काढला, मग पुसला, मग परत लावला. “अगं, पहिला पेपर पहिल्याच वर्षी द्यावा लागतो. त्याच्यावर पुढचे सगळे उभे राहतात. तिसऱ्या वर्षी तो देऊन तू करणार काय? मुख्य विषय मिळणारच नाही. हा आराखडा कुणी करून दिला तुला?” डबी बापाचं नाव कसं घेणार?

वाट एकच उरली होती. त्या पेपरचा वर्ग याच सत्रात होता आणि जागाही होती, पण त्याची वेळ आणि रसायनाच्या प्रयोगाची वेळ एकच. रसायन सोडायचं, तर सोमवारी कॉलेजचं ऑफिस बंद व्हायच्या आत सांगायचं. नाही सांगितलं तर मानसशास्त्र गेलं ते कायमचं.

“मग सांगून मोकळी हो की.”

“बाबांना न सांगता?”

“तू सज्ञान आहेस.”

“आत्या, त्यांनी स्वतःच्या हातानं भरलंय ते.” तिचे डोळे भरून आले. “अर्धं वर्ष घासलंय मी त्या रसायनात. आता ते उतरवायचं म्हणजे दारातच गाडी उतरवायची. त्यांना काय वाटेल?”

मला तिचा राग आला आणि कीवही आली. राग अशासाठी, की बापाला दुखवायचं नाही म्हणून आपलं सगळं आयुष्य वळवायला निघालेली मुलगी मला बघवत नाही. शुक्रवारी ती दादाशेजारी जाऊन बसली, गाडीच्या टायरांची चौकशी केली, पाठ कशी आहे विचारलं आणि उठून आली. शनिवारी तेच, फक्त टायरांच्या जागी ब्रेक. मी म्हटलं, “ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? नाहीतर मी सांगते.” तर म्हणे, “नको. मीच सांगेन.” राहिला रविवार.

रविवारी काम होतं. एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे, त्यांना त्यांची लेक स्वतःच्या घरी नेणार होती. सामान थोडं, एका खोलीपुरतं आणि शिवाय स्वयंपाकघराचं. पण आजोबांना हल्ली विसरायला होत होतं. तेच तेच विचारायचे. लेक फार गोड बोलून उत्तर द्यायची आणि मग खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. डबीनं बांधाबांध सुरू व्हायच्या आधी त्यांच्या खोलीचे मोबाइलवर फोटो काढले. ते ती नेहमीच काढते.

दादानं आपल्या पद्धतीनं गाडी भरली. कपाट, पलंग, आजोबांची लाकडी आरामखुर्ची केबिनला लागून. मग टेबल, मग वहिनीनं बांधलेली स्वयंपाकघराची खोकी, शेवटी गाद्या. ताडपत्री ओढली, दोर आवळला, गाठ मारली आणि गाठीवर थाप मारली. ती थाप म्हणजे काम झालं.

मी आणि डबी मागे काही राहिलं का ते बघायला आत गेलो. रिकाम्या खोलीत आजोबा उभे होते. बाहेर निघायचं म्हणून लेकीनं त्यांना टोपी दिली होती. आणि ते, रोज करत असतील तसे, दाराच्या डावीकडे वळले, जिथे सकाळपर्यंत कपाट होतं, आणि कपाटाच्या खुंटीवर टोपी अडकवायला गेले. टोपी खाली पडली. त्यांनी वाकून ती उचलली, झटकली आणि पुन्हा तिथेच अडकवली. पुन्हा पडली. मग ते आमच्याकडे बघून अगदी सभ्यपणे म्हणाले, “माझं कपाट कुठं गेलं हो?”

डबीनं टोपी उचलून त्यांच्या हातात दिली आणि तरातरा बाहेर गेली.

“बाबा, गाडी उघडा.”

दादा केबिनमध्ये चढत होता. त्याला वाटलं, काही राहिलं. “काय राहिलं?”

“काही नाही राहिलं. उघडा आणि कपाट, पलंग, खुर्ची शेवटी भरा. ती आधी उतरायला हवीत.”

पैलवान विडी पेटवत होता, त्याची काडी विझली.

“वेड लागलंय का? जड सामान फाळक्यापाशी कुणी ठेवतं? मागे वजन आलं की गाडी डोलते.”

“मग हळू चालवा. बाबा, तिथं पोचल्यावर ते कपाट सगळ्यात शेवटी उतरणार. तोवर आजोबा परक्या घरात, खोक्यांच्या गर्दीत उभे राहणार आणि कपाट शोधणार. त्यांची खोली आधी लावू, इथे होती तशीच. मग त्यांना आत नेऊ.”

“हे तुला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही! शिकायचं होतं तेच तर तुम्ही वर टाकलंत!” आवाज चढला तिचा. समोरच्या घराची खिडकी उघडली. “तुम्ही वजन बघून भरता, बाबा. कुणाला आधी काय लागणार ते विचारत नाही. माझ्या पुस्तकांचंही तसंच केलंत, आणि मीही मान डोलावली. मला मानसशास्त्र आधी लागणार होतं. उद्या रसायन सोडलं नाही तर ते मला कधीच मिळणार नाही. आणि दोन दिवस झाले, मी तुम्हाला टायरांबद्दल विचारत बसलेय!”

एवढं बोलून ती रडायला लागली, तेही गाडीच्या चाकाशी, भर रस्त्यात. दादा पायरीवर एक पाय ठेवून तसाच उभा. मला वाटलं, आता हा ओरडणार. मी मध्ये पडायला पदर खोचला होता, खरं सांगते. इतक्यात आजोबा लेकीचा हात धरून बाहेर आले. दादाला पाहिलं आणि म्हणाले, “माझं कपाट कुठंय?”

सकाळपासून दादा त्यांना सांगत होता, “गाडीत आहे, काका.” प्रत्येक वेळी तेच, प्रत्येक वेळी नीट. या वेळी त्यानं त्यांच्या हातातल्या टोपीकडे बघितलं, डबीकडे बघितलं. मग पायरीवरचा पाय खाली घेतला, मागे गेला आणि गाठीला हात घातला. स्वतः मारलेली गाठ, सुटता सुटेना. शेवटी दातांनी ओढली.

“पैलवान, उतरव.”

“काय काय?”

“सगळं.”

पैलवान जे काही पुटपुटला ते मी लिहिणार नाही. गाद्या, खोकी, टेबल, सगळं रस्त्यावर आलं. समोरच्या खिडकीतली बाई आता आरामात कोपर टेकून बघत होती. मी तिला विचारलं, “खुर्ची देऊ का बसायला?” तेव्हा आत गेली. दादाची मान खाली होती, पण हात थांबले नाहीत. खोकी गाडीत आत गेली, आणि शेवटी खुर्ची, पलंग आणि फाळक्याला अगदी चिकटून कपाट. मग आमची वरात निघाली, इतकी हळू की सायकलवाले आम्हाला मागे टाकून वळून बघत होते.

लेकीच्या घरी आजोबांना अंगणात बसवून वहिनीनं चहा दिला, आणि तेवढ्यात आम्ही खोली लावली. डबी मोबाइलमधला फोटो बघून सांगत होती आणि दादा हलवत होता. “कपाट अजून भिंतीकडं. नाही, दारापासून एक हात. खुर्ची अशी तिरकी.” आमच्या डबीच्या तोंडून हुकूम सुटत होते आणि दादा निमूट ऐकत होता, हे मी ह्याच डोळ्यांनी पाहिलं.

मग आजोबांना आत आणलं. दारात ते जरा घुटमळले. मग डावीकडे वळले, हात वर गेला आणि टोपी खुंटीवर अडकली. राहिली. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. जाऊन आपल्या खुर्चीत बसले, खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला आणि आम्हा सगळ्यांना म्हणाले, “उभे का? बसा ना. चहा घेणार?”

पाहुणे आम्ही होतो. ते त्यांच्या घरी होते.

लेक तिथेच रडली. दादा “पाणी, पाणी” म्हणत बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. डबी मात्र खुर्चीकडेच बघत होती. “खिडकी उजवीकडं होती त्यांची,” ती मला हळूच म्हणाली. “बघ, तिकडं मान वळवतायत. ती कशी आणणार?” म्हटलं, सगळं एका दिवसात नसतं होत, बाई.

परत येताना केबिनमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. दादानं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, “रसायन उतरवलं तर चालेल? बाकीचं राहील जागेवर?”

“राहील. संख्याशास्त्र तर लागणारच आहे, मॅडम म्हणाल्या. मानसशास्त्रात पुढे त्याच्याशिवाय चालत नाही.”

“म्हणजे ते शिसवी कपाट मी बरोबर ठेवलं होतं.”

“हो, ते बरोबर होतं.”

“तेवढं तरी सांग सगळ्यांना,” दादा म्हणाला आणि डबी किती महिन्यांनी खळखळून हसली. सोमवारी त्यानं तिला गाडीनं कॉलेजात सोडलं. रिकामी गाडी, मागे साखळ्यांचा खणखणाट, आणि ही थेट कॉलेजच्या दारात उतरतेय. तिच्या मैत्रिणी अजून चिडवतात.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. पहिला पेपर चांगला गेला, फार चांगला नाही, चांगला. संख्याशास्त्राशी भांडण चालू आहे, समेटही. जेवताना नकला सुरू झाल्यात, आणि त्यात माझी फोनवरची भांडणं असतात, ते मला मुळीच आवडत नाही. धंद्यातही एक नवीन पद्धत आली. प्रत्येक गिऱ्हाइकाला मीच फोनवर विचारायचं, “उतरल्यावर तुम्हाला आधी काय लागणार?” लोक आधी गोंधळतात, मग सांगतात. कुणी आईची खाट म्हणतं, कुणी मांजराची टोपली. एका माणसानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, बायकोला विचारून सांगतो.

परवा डबीनं या वर्षीची पुस्तकं टेबलावर ठेवली. दादानं सवयीनं वरचं उचललं, आणि एका हातानं उचलेना म्हणून दुसरा हात लावला. मानसशास्त्राचं होतं ते.

“अगं, ही उशी होती ना?”

“वाढलीय ती,” डबी म्हणाली. तिनं उरलेल्या वर्षांचा नवा आराखडा त्याच्यासमोर सरकवला. “बाबा, जरा बघता का? ह्या खेपेला मीच भरलंय.”

दादानं कागद वाचला नाही. पुस्तक जपून खाली ठेवलं आणि दोर गुंडाळायला घेतला.

“तू भरलंयस ना? मग बरोबर असेल,” तो म्हणाला. “आणि नसलं तर सांग. गाठ सोडायला मी आहे.”